चि. दत्तूस, बोटीवर जाताना

मे 1971

चि. दत्तू यास अनेक आशीर्वाद.

तुला जाऊन आज सहा दिवस झाले. तुला सोडून आल्यापासून तुझी आई बोटीचंच सांगतेय. केवढी शिडी, केवढी साखळी, वर टांगलेल्या होड्या. मी विचारलं, होड्या किती? तिने मोजल्या नव्हत्या. तू मोज. आणि पाण्यात तरंगवणारं जॅकेट कुठे असतं ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

रेवसच्या धक्क्यावर झालं ते मनातून काढून टाक. लाँच भरत आली होती, भोवती गावातली माणसं, आणि तू म्हणालास, "अण्णा, चोवीस वर्षं झाली. आज तरी चला." मी न बोलता एसटीकडे वळलो. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. पोरगा डफरिन या शिकाऊ जहाजावरून पास होऊन निघालाय आणि बाप मुंबईपर्यंत सोबत जात नाही, असं कोणी म्हणालंही असेल. पेण-पनवेलवरून मी आनंदाने आलो असतो रे. तुला लाँचच हवी होती. असो, हट्ट माझाही होता.

तुला मी हे कधी धड सांगितलं नाही. 17 जुलै 1947, गुरुवार, गटारी अमावास्या. शाळेला हिंदुस्थानचा नकाशा आणायला मी मुंबईला गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठला रेवसला जाणारी रामदास बोट सुटली. नकाशा मेणकापडात गुंडाळून मांडीवर धरला होता. माणसं सणाला घरी निघालेली, गप्पा चाललेल्या. समुद्रातल्या काशाच्या खडकाच्या सुमारास वारा उठला. एका बाजूने पाणी आत आलं तशी माणसं कोरड्या बाजूला धावली. मीही धावलो, दत्तू. मास्तर असून धावलो. बोट कलंडली.

म्हणून सांगतो, कोरडी बाजू दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. तू आता बोटीवरचा माणूस, तुला तसं वळता यायचं नाही. वरचे अधिकारी सांगतील ते ऐक, पण पाण्याकडेही बघत जा. रात्रीच्या पाळीत झोप आवर. दारूच्या वाटेला जाऊ नकोस. पैसे...

हे बघ, पुन्हा वर्ग सुरू केला मी. माफ कर. तुला सगळं शिकवलंय त्यांनी, माझ्याहून जास्त.

पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नकोस, एवढंच. त्या दिवशी 600 हून जास्त माणसं गेली, त्यात पट्टीचे पोहणारे होते. पाण्यात एकाने माझ्या सदऱ्याची बाही धरली. धोतरवाला, कपाळाला बुक्का, माझ्याच वयाचा. तोंडाने काही बोलला नाही, फक्त धरली. मी दोन्ही हात वर करून सदऱ्यातून निसटलो. सदरा त्याच्या हातात राहिला. पुढे मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मला वर ओढलं. माणसांना जागा करायला त्यांनी होडीतली मासळी परत समुद्रात टाकली. त्यांचं दिवसाचं पोट होतं ते. मी उघडाच घरी आलो, हे तुझी आई सांगते. सदरा कुठे गेला, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर बरोबर 29 दिवसांनी शाळेत झेंडावंदन होतं. दोरी माझ्या हातात. तळहाताची सालं गेलेली, दोरी ओढताना आग होत होती. समोर पोरं रांगेत उभी होती आणि तिघांचे केस काढलेले होते. मी खडीसाखर वाटली. त्या तिघांच्या हातावर ठेवताना काय बोलावं ते मला सुचेना.

आश्विनात पोरांना तळ्यावर न्यायला लागलो ते त्याच वर्षीपासून. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. तुला पाचव्या वर्षी टाकलं तेव्हा काकी काठावरून मला शिव्या देत होती. तू नाकातोंडात पाणी जाऊनही हसत वर आलास. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. या तालुक्यातल्या किती पोरांचे दोर मी धरले, त्यातला एकही बोटीवर गेला नाही. गेलास तू. तुझा पांढरा डगला घालून काढलेला फोटो मी शाळेच्या कपाटात, खडूच्या पेटीमागे ठेवलाय. कपाट उघडलं की दिसतो. नव्या गुरुजींनी विचारलं, तेव्हा दोनदा सांगितलं, हा माझा मुलगा.

आईने लोणच्याच्या बरणीचं तोंड मेणाने बंद केलंय, पण ती आडवी ठेवू नकोस. बायोचं स्थळ अजून तसंच आहे. नानाचा खोकला कमी आहे.

जॅकेटचं पुन्हा लिहिणार नव्हतो. खलाशी हसले तरी एकदा अंगात घालून बघ. अंधारात, डोळे मिटून, बंद किती वेळात बांधता येतात ते बघ.

परत येशील तेव्हा रेवसच्या धक्क्यावर मी असेन. त्याच्या पुढचं आज कबूल करत नाही.

पहिल्या बंदरावरून पत्र टाक. ते कुठल्या खुंटीला टांगलंय आणि तुझ्या झोपायच्या जागेपासून किती पावलांवर आहे, तेवढं त्यात लिही.

तुझे,
अण्णा