पम्या, दादाच्या अंगठ्याबद्दल

प्रिय पम्या,

काल फोनवर तू एवढा घाबरलेला होतास की धड बोलणंच झालं नाही, म्हणून लिहितोय. प्रेसमध्ये दादाच्या अंगठ्याचं टोक चेचलं, मांस गेलं, हाड उघडं पडलं, तुकडा जोडण्यासारखा नाही, आणि तिथले डॉक्टर म्हणतायत हाड थोडं कापून टाके घालू, लवकर घरी. अरे थांब जरा. दुसऱ्या बोटाचं एकवेळ चालून जाईल, अंगठ्याचं नाही. हाताचं जवळपास ४० टक्के काम तो एकटा करतो, लांबी गेली की साधा पाना धरताना कळतं. आधी प्लॅस्टिक सर्जनला दाखव.

उघड्या हाडावर नुसती मांडीची पातळ कातडी, म्हणजे ग्राफ्ट, धरत नाही, तिला खालून रक्तच मिळत नाही ना. म्हणून फ्लॅप लागतो, त्यात कातडी स्वतःची रक्तवाहिनी घेऊनच येते. जखम दीडेक सेंटीमीटरची असेल तर अंगठ्याचीच आतल्या बाजूची कातडी पुढे सरकवतात, मोबर्ग म्हणतात त्याला. माझ्या अंगठ्याची जखम मोठी होती, म्हणून तर्जनीच्या पाठीवरची कातडी रक्तवाहिनी आणि संवेदनेची नस यांच्यासकट उचलली, कातडीखालून फिरवून अंगठ्यावर बसवली, आणि तर्जनीवर ग्राफ्ट लावलं. फूशे नावाच्या फ्रेंच सर्जनची पद्धत, १९७९ची. त्यामुळे दादाच्या तर्जनीची पाठ शाबूत आहे का ते आधी बघ, तीही चेचली असेल तर हे जमणार नाही. मग जांघेचा फ्लॅप, हात तिथेच शिवून तीनेक आठवडे ठेवतात. माझ्या शेजारच्या कॉटवर एक रसवंतीवाला तसाच होता, बिचाऱ्याला लघवीला न्यायला दोघं लागायचे, पण कातडी मस्त धरली त्याची.

एक गंमत सांगतो, दादाला आधीच सांगून ठेव नाहीतर घाबरेल. गरम चहाचा कप धरला की चटका बसायचा अंगठ्याला आणि कळ यायची तर्जनीत! नस तर्जनीची ना. आता बरंच कमी झालंय, पण डोळे मिटून चाचपलं की अजून फसतो.

आणि बिडी, तंबाखू बंद म्हणजे बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. नर्स फ्लॅप दाबून रंग परत येतो का बघतात, निळा पडला तर लगेच बोंबल, सकाळची वाट बघू नकोस. हात उंच ठेवायचा. नंतर फिजिओचा कंटाळा केला तर सांधा आखडतो, तिथे दादाला तूच धारेवर धर.

फोटो पाठव, वहिनींना मात्र दाखवू नकोस. शनिवारी येतोच.

तुझा,
सच्या