'सक्षमीकरण' झाले, अधिकार कोणते दिले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

'एम्पॉवर' या इंग्रजी क्रियापदासाठी आपल्या वृत्तपत्रात सरसकट 'सक्षमीकरण' वापरले जाते, त्याबद्दल थोडे लिहितो. एखाद्याला रीतसर अधिकार सोपवणे आणि त्याच्या अंगी ते काम करण्याचे बळ आणणे, असे या शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत. कायद्याच्या भाषेत आजही पहिलाच चालतो. एखादा अधिकारी दंड करण्यास 'एम्पॉवर्ड' आहे म्हणजे त्याला तसा अधिकार आहे, तो अंगापिंडाने सुधारला असे नव्हे. दुसरा अर्थ गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक चळवळींमुळे पुढे आला आणि आपण मराठीत तेवढाच घेतला.

शिवाय 'शुद्धीकरण' म्हटले की वस्तू आधी अशुद्ध होती हे गृहीत असते, तसे 'सक्षमीकरण' म्हणताच समोरची व्यक्ती अक्षम ठरते. (हिंदीच्या वळणाचे 'सशक्तिकरण' तर ऱ्हस्व 'क्ति'मुळे व्याकरणातही लंगडे.)

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना अधिकार देण्याची तरतूद केली आणि त्यासाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय घातले. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही आमच्या तालुक्यातील एका ग्रामसभेत मी पाहिले, ते असे : सरपंचबाई मधल्या खुर्चीवर, पाणीपट्टीच्या प्रश्नांना उत्तरे देत होते शेजारी बसलेले त्यांचे यजमान, आणि ठरावावर शिक्का मारायची वेळ आली तेव्हा तो निघाला यजमानांच्याच खिशातून. बाईंचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झालेले होते, म्हणजे बातमीच्या भाषेत त्यांचे सक्षमीकरण झालेले होते.

या व्यवहाराचे शब्द मराठीत नाहीत असेही नाही. जमिनीच्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र करून देताना आपण कोणाला कशाचा अखत्यार देतो, हे खेड्यातला माणूसही कलमवार लिहून घेतो. म्हणून शिलाई यंत्रांचे वाटप किंवा प्रशिक्षण यांना 'सक्षमीकरण' खुशाल म्हणावे. पण सत्ता हाती देण्याचा प्रश्न असेल तिथे 'अधिकार दिले' असे सरळ लिहावे. तसे लिहिले की ते कोणी, कोणाला आणि कोणते दिले, हे बातमीदाराला सांगावेच लागते. 'सक्षमीकरण झाले' या वाक्यात हे तिन्ही प्रश्न गळून जातात.

आपला,
एक नियमित वाचक