गॅस नव्हे, वायर!

संपादक महाशय,

हल्ली बरेच जण गाडीतच झोपायची सोय करून फिरायला निघतात, म्हणून हे पत्र. मी दांडिया बाजारातला निवृत्त माणूस. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत दोन बाकडी ठोकली, टपावर एसी बसवला. एकाच उन्हाळ्यात तो तीनदा बंद पडला. पहिल्या दोन्ही वेळी मेकॅनिकचं एकच, ‘काका, गॅस संपला.’ अहो, बंद नळीतला गॅस पेट्रोलसारखा जळतो का? गळती असेल तरच तो कमी होतो, आणि गळती कुणी शोधलीच नाही. पैसे मात्र दोनदा घेतले.

तिसऱ्यांदा द्वारकेला, धर्मशाळेच्या अंगणात. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर ‘हुंऽऽ’ करून गप्प. धर्मशाळेतून गाडीपर्यंत वीज आणणाऱ्या वायरीच्या गुंडाळीला आमच्या हिचा हात लागला. ‘अगंबाई, ही तर तव्यासारखी तापलीय!’ मल्टीमीटर लावला: आधी 212 व्होल्ट, कॉम्प्रेसर सुरू होताना 170. तीस मीटर बारीक वायर, तीही गुंडाळलेली! व्होल्टेज वाटेतच पडत होतं. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटरही डोक्याशी फुगला होता.

तो बदलला, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली. ती पूर्ण उलगडूनच वापरतो. एसी बंद केला की आतला दाब उतरायला तीन मिनिटं देतो, मगच पुन्हा चालू. यंदा तक्रार नाही.

गॅस भरणाऱ्यांनी गळती कुठे सापडली ते बिलावर लिहावं, एवढी विनंती छापावी.

– एक वाचक, वडोदरा