झाकण हलवलं की स्क्रीन लुकलुकते, त्याला गोव्याची हवा काय करणार?

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: वॉरंटीतल्या लॅपटॉपची स्क्रीन फ्लिकर होणे आणि सर्व्हिस सेंटरने चुकीचं कारण दाखवून रिपेअर नाकारणे

नमस्कार,

तुमच्या कंपनीचा लॅपटॉप मी पणजीतल्या दुकानातून नवा घेतला, बिल आहे, वॉरंटी अजून चालू आहे, आणि त्याची स्क्रीन फ्लिकर होते. तक्रार एवढीच. पण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तिचा असा काही घोळ घालून ठेवलाय की लेखी कळवण्यावाचून इलाज राहिला नाही, कारण हेल्पलाइनला दर वेळी नवा माणूस असतो आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो, सर रीस्टार्ट करून बघितलं का.

मी डिचोलीला डीटीपीचं काम करतो. आता जत्रांचे दिवस, गावोगावच्या नाटकांची हँडबिलं, बॅनर, सगळं ह्याच मशीनवर. काम चालू असताना मध्येच आडव्या पट्ट्या येतात, उजवीकडचा भाग लुकलुकायला लागतो, कधी क्षणभर सगळं काळं होऊन चित्र परत येतं. कलाकारांची नावं तपासताना अनुस्वार आहे की नाही बघायला जावं तर नेमकी तीच ओळ नाचते. हँडबिलावर एखाद्याचं नाव राहिलं किंवा वरचं खाली गेलं तर गावात काय रामायण होतं ते तुमच्या कॉल सेंटरला कळायचं नाही, इथल्या कुठल्याही नाटकवाल्याला विचारा.

हेल्पलाइनने सांगितलेलं सगळं मी केलंय. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, तो स्थिर राहिला आणि बाकीचं हललं तर एखादं अ‍ॅप गंडलंय, तोही हलला तर डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर, असं तुमच्या माणसाने सांगितलं. माझा टास्क मॅनेजरही हलला. म्हणून ड्रायव्हर काढून नवा टाकला, मग जुना टाकून बघितला, रिफ्रेश रेट तपासला तर तो 60 हर्ट्झच होता. शष्प फरक पडला नाही. अहो पण पॅनेलला जाणारी वायरच सैल असेल तर टास्क मॅनेजर काय आणि वॉलपेपर काय, स्क्रीनवरचं सगळंच हलणार ना! ती टेस्ट विंडोजच्या आतली भानगड शोधायला ठीक आहे, बाहेरच्या वायरीबद्दल ती काही सांगत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने बघितलं. मशीन चालू करताना एफ टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर गेलो, तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं आणि विंडोजचा ड्रायव्हरही नसतो, तरी फ्लिकर आहे तसाच. एचडीएमआय केबलने भाच्याचा मॉनिटर जोडला, त्याच्यावर चित्र एकदम घट्ट आणि त्याच वेळी शेजारी लॅपटॉपची स्क्रीन फडफडतेय, म्हणजे ग्राफिक्सवाली चिप नीट काम करतेय. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला तरी तेच, त्यामुळे तुमच्या माणसाने काढलेला व्होल्टेजचा मुद्दा पण निकालात निघाला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, झाकण हलवलं की फ्लिकर बदलतो. पूर्ण मागे टाकलं तर बंद, काम करताना आपण जसं ठेवतो तसं उभं केलं की चालू, आणि बिजागराच्या जवळ उजवीकडे बोटाने हलकं दाबलं की थांबतो, बोट काढलं की परत. मदरबोर्डकडून पॅनेलला जाणारी डिस्प्ले केबल त्या बिजागरातूनच जाते आणि झाकण उघडझाप करताना दर वेळी वाकते, हे तुमच्या इंजिनियरला मी सांगायला नको. केबल आतून तुटत आलीय किंवा तिचा कनेक्टर सैल झालाय, दुसरं काय असणार.

मध्ये एक विनोदच झाला, तोही ऐका. चॅटवरच्या मॅडमनी प्रॉब्लेमचा स्क्रीनशॉट मागितला. मी लिहिलं की स्क्रीनशॉट कंप्युटर आपल्या मेमरीतून काढतो, पॅनेलवर जे दिसतं त्याचा फोटो नसतो तो, त्यामुळे तो साफच येणार. तरी पाठवा म्हणाल्या. पाठवला. उत्तर आलं, सर तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये काही इश्यू दिसत नाही, तक्रार बंद करू का?

मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला तर म्हणे कॅमेऱ्यात स्क्रीन अशीच दिसते. कॅमेऱ्याच्या पट्ट्या मलाही माहीत आहेत, त्या एकसारख्या सरकत राहतात, झाकणाला हात लावला म्हणून सुरू आणि बंद होत नाहीत. त्याच व्हिडिओत माझं बोट बिजागराजवळ जाताना येताना स्पष्ट दिसतंय, कुणी शेवटपर्यंत बघितला असता तर.

आता सर्व्हिस सेंटर. मी सगळं कागदावर लिहून दिलं होतं, फॉरमॅट करू नका हे मोठ्या अक्षरात. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप घेतला, झाकण मागे पार टाकलं, टेबलावर सपाट झोपवल्यासारखं, एक यूट्यूबचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला बघा सर, ओके आहे. मी म्हटलं बाबा, झाकण जरा वर घे, आपण बसतो तसं. तो घेईपर्यंत पुढचा टोकन पुकारला. जॉबशीटवर त्याने काय लिहिलं, तर इश्यू नॉट फाउंड, सॉफ्टवेअर अपडेट रिकमेंडेड. आणि लॅपटॉप परत आला तो फॉरमॅट होऊनच! माझ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर असतात म्हणून वाचल्या, पण सगळे मराठी फॉन्ट, लेआउटचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची सेटिंग परत बसवण्यात रात्र गेली आणि सकाळी हँडबिल न्यायला माणूस दारात उभा. फ्लिकर अर्थातच तिथल्या तिथे.

परत नेला तेव्हा नवीन रिपोर्ट. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेने गंज, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल, पैसे भरा. काउंटरवरून वर हे पण ऐकवलं, गोंयची हवाच तशी मगो. अहो, मी राहतो डिचोलीला! आमच्याकडून समुद्र बघायला गाडी काढून जावं लागतं. दमटपणा आहे, पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, नाही कोण म्हणतो, पण ही हवा काय माझ्या घरापुरती आहे? तुम्ही गोव्यात दुकान थाटून गोव्यातल्या माणसांना माल विकता, तेव्हा ह्या हवेत तो चालणार नाही असं बिलावर कुठे छापलेलं दिसलं नाही. आणि गंज कुठे आहे ते दाखवा म्हटलं तर फोटो नाही, रिपोर्टमध्ये पार्टचं नाव नाही. दमट हवेने गेलेला पॅनेल झाकण अमुक कोनात आल्यावरच बिघडतो आणि बोट दाबल्यावर बरा होतो, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला एकदा समजावून सांगा.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. डिस्प्ले केबल आणि बिजागर वॉरंटीत तपासून केबल बदलून द्या, पूर्ण डिस्प्लेचं बिल माझ्या गळ्यात मारू नका. केबल बदलूनही फ्लिकर राहिला तर पॅनेल बघा, तेही वॉरंटीतच. नाकारायचंच असेल तर कुठल्या पार्टवर गंज आहे ते फोटोसकट, इंजिनियरच्या सहीने लेखी द्या. टेस्ट माझ्यासमोर झाकण उभं ठेवून करा, आणि मला न विचारता फॉरमॅट करायचा नाही. लॅपटॉप तुमच्याकडे जितके दिवस पडून होता तितके वॉरंटीत वाढवून द्या, हेही रास्तच आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकणार, आणि तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तुमचं हेड ऑफिस कुठल्याही शहरात असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहतो तिथल्या आयोगात केस घालता येते, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही आणि वकील पण केलाच पाहिजे असं नाही. मला कोर्टकचेरीची हौस नाही, माझं काम खोळंबलंय. पण त्या रिपोर्टवर सही करून पैसे मात्र मी भरणार नाही.

पार्ट मागवलात की मेसेज टाका, फोन केलात तर संध्याकाळी करा, सकाळी दुकानात माणसांची गर्दी असते.

आपला ग्राहक,
डिचोली, गोवा

सोबत: बिलाची कॉपी, दोन्ही जॉबशीट, बायोसमधल्या फ्लिकरचा आणि झाकण हलवतानाचा व्हिडिओ (ह्या वेळी कृपया शेवटपर्यंत बघा)