युरोपला निघालेल्या मैत्रिणीला

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "चर्चमध्ये जाताना काय घालू गं?" आणि तेवढ्यात रेंज गेली. नंतर मेसेज करायला घेतला, पण चार ओळींत मावेना. म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी एक आठवण करून देते. गोव्यात म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (जत्रेला) आपल्या आया आपल्याला न्यायच्या, आठवतं? हातात तेलाची बाटली, केसांत अबोलीचा वळेसर, अंगात इस्त्रीचा फ्रॉक. सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण, तिच्या दारी गबाळं जायचं नाही, असं माझी आई म्हणायची. चर्चमध्ये कसं जायचं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं. देवळात जातो तसंच. तिकडे गेल्यावर मात्र आपण पर्यटक होतो आणि हे विसरतो. मीही विसरले होते.

रोमला जूनमध्ये गेलो तेव्हाची गोष्ट. उन्हाने जीव नकोसा झालेला, म्हणून लेकीने बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता आणि मीही काही बोलले नाही. एका मोठ्या चर्चच्या रांगेत तासभर उभे राहिलो. दाराशी पोचलो तेव्हा तिथल्या माणसाने तिच्याकडे बघून दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर टेकवली आणि हळूच मान हलवली. ओरडला नाही की काही नाही. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी माझी राखाडी ओढणी काढली, दुहेरी केली, तिच्या दोन्ही खांद्यांवरून घेतली आणि गळ्याशी सेफ्टी पिन लावली. त्या माणसाने छातीवर हात ठेवून आम्हाला आत सोडलं. आत गारवा, मेणाचा वास आणि अंधारात दूरवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या. लेकीने पहिलं काय विचारलं असेल? "आई, चपला कुठे काढायच्या?"

चपला काढायच्या नाहीत, सुमे. तिकडे पायातलं तसंच राहतं, पुरुषांच्या डोक्यावरची टोपी मात्र उतरते. आपल्या अगदी उलट. तुझ्या मुलाला हे आधीच सांगून ठेव, तो कॅप झोपतानाही काढत नाही म्हणतेस.

नियम साधा आहे: खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, पोट उघडं नाही. बाईला आणि पुरुषाला सारखाच. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये तो काटेकोर पाळतात. तिथे तिकीट नाही, पण सामान तपासणीची रांग लांबच लांब असते. तेवढं थांबून दारातून परत फिरायचं म्हणजे दिवस वाया. मिलानला, फ्लॉरेन्सला, व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्येही हेच. सेंट मार्क्समध्ये पाठीवरची मोठी बॅग आत नेता येत नाही, तेव्हा त्या दिवशी लहान पर्सच घे. आणि रोमचं पँथिऑन बघायला जाल तेव्हा ते नुसतं जुनं रोमन बांधकाम समजून जाऊ नका. इ.स. ६०९ पासून ते चर्च आहे. वर घुमटाला मधोमध मोठं भोक, त्यातून ऊन आणि पाऊस दोन्ही आत येतात, खाली चित्रकार राफाएलची समाधी, आणि आजही तिथे प्रार्थना होते. पॅरिसला दारात एवढं कुणी निरखत नाही. पण २०१९ च्या आगीनंतर पाच वर्षं खपून उभं केलेलं नोत्र दाम चर्च बघायला जाताना मला तरी नीटनेटकंच जावंसं वाटेल.

नवीन कपड्यांवर पैसे घालवू नकोस. तुझे सुती कुर्ते, सैल पँट आणि सलवारी यांइतकं सोयीचं तिथे दुसरं काही नाही. उन्हात अंग झाकलेलं बरंच वाटतं. जीन्स चालते, फक्त गुडघ्यावर फाटलेली नको. मुलाला हाफ पँटच हवी असेल तर चेन लावून खालचे पाय जोडता येतात तसली घे. आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये एक ओढणी हवीच. चर्चबाहेर फेरीवाले पातळ स्कार्फ विकतात, पण आपली मलमलची ओढणी घाम टिपते, ऊन अडवते आणि ट्रेनमध्ये पांघरायलाही होते.

सासूबाई साडीच नेसणार, तर नेसू देत. तुला त्याची काळजी वाटते, मला मुळीच वाटत नाही. पदर डोक्यावरून घेतला तरी कुणाला खटकणार नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत बायकांनी डोकं झाकावं असं लिहिलेलंच होतं. १९८३ च्या संहितेत ते कलम उरलं नाही. फक्त साडी दोन बोटं वर नेसायला सांग. सेंट मार्क्सची जमीन संगमरवरी तुकड्यांची, शतकानुशतकं खचून लाटांसारखी झालेली आहे. रोमचे रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे, त्यांच्या फटींत टाच अडकते. जाड तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट हवेत. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तिथे त्यांना वर नेऊ नकोस. खाली बसून त्या जप करतील.

मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, मोबाइल आत ठेवा. पुढे कधी ग्रीसला गेलात तर मेटेओराच्या मठांत बायकांना पँट चालत नाही, स्कर्टच लागतो. दाराशी गुंडाळायला कापड मिळतं.

ती राखाडी ओढणी कुरिअरने पाठवतेय, शुक्रवारपर्यंत मिळेल. पिनेचं भोक एका टोकाला आहे, ते आतल्या बाजूला घे. आणि कुठल्याही चर्चमध्ये, मोठंच असं नाही, माझ्या आईच्या नावाने एक मेणबत्ती लाव. फेस्ताच्या दिवशी तेल घेऊन जायला आता ती नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
नंदी