आठवण खरी की खोटी, याआधी ती वर आली कशी ते विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बालपणीच्या अत्याचाराच्या दडपलेल्या आठवणींवर बेतलेल्या रहस्यकादंबरीचे परीक्षण आपण छापले. त्यावर आलेल्या वाचकांच्या पत्रांत सरळ दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, 'एवढं भयंकर कोणी विसरेल कसं? वीस वर्षांनी आठवलं म्हणजे रचलेलंच.' दुसरा म्हणतो, 'आठवलं म्हणजे घडलंच, शंका घेणं हाही अत्याचार.' दोन्हीकडची कळकळ खरी आहे. पण आठवण वर कशी आली, कोणी काय विचारल्यावर आली, हे एकाही पत्रात विचारलेले नाही. आमच्या मते सगळी गोम तिथेच आहे.

वाचकांना सर्वांत भावलेले प्रकरण संमोहनाचे. डोळे मिटलेली नायिका, शांत आवाजातले प्रश्न आणि शेवटी लख्ख दिसणारा चेहरा. दोन वाचकांनी तर असे संमोहन कुठे करून मिळते, अशी विचारणा केली आहे. त्यांना कळकळीची विनंती: या वाटेला जाऊ नका. संमोहनात माणूस जास्त बोलतो आणि जे बोलला त्यावर त्याचा विश्वास घट्ट होतो, पण अचूकपणा त्या मानाने वाढत नाही. खऱ्या आठवणीत कल्पनेची भर पडते आणि नंतर त्या माणसालाही दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणजे ज्याच्यावर खरोखर अत्याचार झाला, त्याचाच पुरावा यात नासतो.

कादंबरीसारखा खटला कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष झाला आहे. तिथल्या फॉस्टर सिटीत १९६९ साली आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्या मैत्रिणीला वीस वर्षांनी 'आठवले' की खून आपल्या वडिलांनी, जॉर्ज फ्रँकलिन यांनी केला. तेवढ्या साक्षीच्या जोरावर १९९० साली ते दोषी ठरले. १९९५ मध्ये ही शिक्षा रद्द झाली आणि १९९६ मध्ये ते सुटले. शिक्षा रद्द होण्यामागचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. फ्रँकलिन यांच्या मुलीने सांगितलेले तपशील खुनाच्या वेळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले होते, पण ती कात्रणे ज्यूरीसमोर येऊच दिली नव्हती. साक्षीपूर्वी संमोहन झाले होते, असे तिच्या बहिणीने पुढे सांगितले.

नुसत्या शब्दाने आठवण कशी वळते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली दाखवले. मोटारींच्या अपघाताची फीत दाखवून काहींना विचारले, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, 'आदळून चुराडा झाला' तेव्हा किती? आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली का? 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत फुटलेली काच नव्हतीच.

मराठीत हे काम एक 'ना' करतो. 'काकांनी तुला हात लावला ना?' या प्रश्नात माणूस, कृती आणि उत्तर, तिन्ही आधीच भरलेले आहेत. मूल मान हलवते आणि पुढच्या वेळी तेच स्वतःच्या तोंडून सांगते. विचारायचे ते असे: 'काय झालं ते पहिल्यापासून, तुला आठवेल तसं सांग.' मग 'पुढे?' मग तिनेच उच्चारलेला शब्द धरून, 'तू माळ्यावर म्हणालीस, त्याबद्दल अजून सांग.' गप्प राहिली तर गप्प राहू द्या. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले आधीचे उत्तर चुकले असे मुलाला वाटते आणि ते उत्तर बदलते. आई, मावशी, शिक्षिका, डॉक्टर अशा प्रत्येकीने पहिल्यापासून विचारत बसू नये. एकदा कळले की पोलिसांकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे कळवायचे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते बंधनकारकच आहे.

जबाबातही गडबड होते. मूल म्हणते, 'त्याने चड्डीत हात घातला'. कागदावर उतरते, 'लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले'. न्यायालयात मूल पुन्हा आपल्याच शब्दांत बोलते आणि उलटतपासात त्याचीच 'विसंगती' होते. पोक्सोचे कलम २६ सांगते, मूल बोलेल तसेच, पालक किंवा विश्वासातल्या माणसासमोर लिहा आणि शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करा. पालकांनी जबाब वाचून घ्यावा, मुलाचे शब्द त्यात नसतील तर तिथेच सांगावे.

'नार्को करा, खरं बाहेर येईल' असे एक वाचक लिहितात, म्हणजे औषधाने गुंगीत नेऊन प्रश्न विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात अशी चाचणी कोणावरही बळजबरीने करायला मनाई केली. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष स्वतःहून पुरावा ठरत नाही.

आता 'रचलेलंच' म्हणणाऱ्या पहिल्या तटाला. लिंडा मेयर विल्यम्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे १७ वर्षांनी विचारले. त्यांपैकी ३८ टक्के स्त्रियांनी तो प्रसंग सांगितला नाही. त्या सगळ्याच विसरल्या होत्या असे नाही. काही तेव्हा फारच लहान असतील, काहींना सांगायचे नसेल. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांचे म्हणणे आम्हाला पटते: बऱ्याचदा प्रसंग लक्षात असतो, पण तो काय होता हे लहानपणी कळलेले नसते, आणि मग वर्षानुवर्षे त्याचा विचारच होत नाही. आपल्या घरांत 'झालं गेलं विसर, बाहेर बोलू नकोस' हे वाक्य त्यावर झाकण ठेवते. पुढे स्वतःची मुलगी त्या वयाची झाली, किंवा तो माणूस लग्नात समोर आला, की झाकण उडते. उशिरा बोलणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

असे काही वर आले, तर भावंडांशी बोलण्याआधी तारीख घालून लिहून काढावे. आधीपासून लक्षात असलेले, आता आठवलेले आणि दुसऱ्याने सांगितलेले, हे तीन वेगळ्या पानांवर लिहावे. जिथे आठवत नाही तिथे जागा कोरी सोडावी, जुळवून भरू नये. मग बाहेरचे दुवे शोधावेत: शाळा सोडल्याचा दाखला, दवाखान्याचा जुना केसपेपर, त्या घरात किती सालापर्यंत राहत होतो याचा कागद. वयाच्या दोन-तीन वर्षांच्या आतली प्रसंगाची आठवण सहसा टिकत नाही, म्हणून त्या वयातले स्पष्ट चित्र असेल तर जास्त सावध राहावे. आणि पहिल्याच भेटीत 'तुमच्या लक्षणांवरून लहानपणी अत्याचार झालाच असणार' असे म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. झोप न लागणे, अंधाराची भीती यांची कारणे पन्नास असतात.

तक्रारीची मुदतही पाहावी. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या कृत्यांना लागतो, त्याआधीच्या कृत्यांना तेव्हाची भारतीय दंड संहिता. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदत नाही, त्यामुळे बलात्काराची तक्रार आजही करता येते. मात्र त्या संहितेतल्या विनयभंगाच्या कलम ३५४ ची कमाल शिक्षा २०१३ पर्यंत दोनच वर्षे होती, म्हणून त्याला तीन वर्षांची मुदत लागते. न्यायहितासाठी विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, तो अर्ज वकिलाकडून नीट करून घ्यावा.

या चर्चेतली उरलेली पत्रे छापताना गाव, शाळा आणि नाते गाळावे, ही आपल्याला विनंती. नाव नसले तरी तेवढ्यावरून ओळख पटते. आणि चौकटीत दोन क्रमांक द्यावेत: मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६.

– समुपदेशन आणि फौजदारी वकिली करणाऱ्या दोघी वाचक, पुणे