शनिवारच्या रात्रींविषयी

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शनिवारी रात्रभर तू कुठे असतोस, असं तुम्ही गेल्या वेळी विचारलंत. फोनवर पाच मिनिटांत उरकावं असं ते नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी बॉलला जातो, म्हणजे नाच, चाल आणि पोशाखांच्या रात्रभर चालणाऱ्या स्पर्धेला. मोठा हॉल, मधोमध चालायला मोकळी पट्टी, टोकाला परीक्षकांचं टेबल, आणि माइकवर एक कॉमेंटेटर. त्याचं बोलणंही तालात असतं. तो कॅटेगरी पुकारतो: कधी चेहरा, कधी चाल, कधी पोशाख, कधी वोगिंग नावाचा नाच. एकेक जण पुढे येतो. सगळ्या परीक्षकांनी दहा दिले तर टिकला, एकानेही 'चॉप' म्हणजे बाद केलं तर खेळ संपला. टिकलेले मग एकमेकांसमोर उभे राहतात. हे पहाटेपर्यंत चालतं. उतरणारे बहुतेक काळे किंवा लॅटिनो, आणि माझ्यासारखे गे, नाहीतर ट्रान्स.

याची मुळं इथल्याच, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आहेत. तिथल्या हॅमिल्टन लॉजचे बॉल १८६९पासूनचे. १९२०च्या दशकात तर बाईच्या वेषातले पुरुष बघायला हजारो माणसं लोटायची. पण पुढच्या काळातल्या सौंदर्यस्पर्धांत मुकुट जायचा तो गोऱ्यांकडेच. १९६७ साली क्रिस्टल लाबेजा ही काळी स्पर्धक अशाच एका निकालावर उसळली, स्टेज सोडून निघाली आणि कॅमेऱ्यासमोर तिने आयोजकांचं सगळं बाहेर काढलं. ते चित्रीकरण मी पुन्हा पुन्हा बघतो. पुढे १९७२मध्ये तिने आणि लॉटी नावाच्या हार्लेमच्याच कलाकाराने तिथे 'हाऊस ऑफ लाबेजा'च्या नावाने स्वतःचा बॉल भरवला. मग हाऊसमागून हाऊस उभी राहिली.

आई, हाऊस म्हणजे काय ते तुला सांगायचंय. हाऊसला मदर असते, फादर असतो, बाकीची मुलं. घरच्यांनी हाकलून दिलेली पोरं तिथे येतात. त्यांना जेवू घालणारी, दवाखान्यात नेणारी, रनवेवर पाऊल कसं टाकायचं ते शिकवणारी मदर पुष्कळदा त्यांच्याहून जेमतेम पाच-सात वर्षांनी मोठी असते. मागच्या बॉलला एका पोराच्या सँडलचा पट्टा ऐन वेळी तुटला. त्याची मदर पॅसेजमध्ये गुडघ्यावर बसली, पर्समधून सुई-दोरा काढला, दातांनी दोरा तोडला आणि त्याच्या पायातच पट्टा शिवून दिला. वर बघितलंही नाही. शिवून झाल्यावर फक्त त्याच्या पोटरीवर थाप मारली आणि तो धावत सुटला.

नाचाचंही तसंच, एकाकडून दुसऱ्याकडे येत गेलेला. आधीची तऱ्हा, तिला आता 'ओल्ड वे' म्हणतात, फॅशन मासिकांतल्या मॉडेलच्या पोझेसवर उभी आहे. रेषा सरळ, कोन स्वच्छ. विली निंजा त्यातला उस्ताद. त्याने हा नाच जगभर नेला, नावाजलेल्या मॉडेल्सना चालायला शिकवलं. नंतर 'न्यू वे' आला, त्यात हातपाय असे वळतात की हाडं आहेत की नाहीत असं वाटावं. मग 'वोग फेम'. तो ट्रान्स बायकांच्या ढंगातून घडला: हातांची कामं, उकिडवं बसून चालणं, गिरक्या, आणि चौथ्या ठोक्यावर पाठीवर कोसळणं, तो 'डिप'. ब्राँक्सच्या लेयोमी माल्डोनाडोने त्यात केसांचा असा काही झटका आणला की आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. जुने लोक कुरकुरतात की ही पोरं नुसती आपटतात, हात हरवले. बाबा, तुमच्या मैफलीनंतर कट्ट्यावर गायकीवरून जुंपते ना, अगदी तसंच. मला विचाराल तर हातांबद्दल जुन्यांचं बरोबर आहे. पण नव्या पोरींनी या नाचात जो जीव ओतलाय तो आधी नव्हता, हेही खरं.

आणि कुरकुरायला जुने लोक फार थोडे उरलेत. १९९०मध्ये मॅडोनाचं 'वोग' हे गाणं आलं, त्यात हाऊस ऑफ एक्स्ट्राव्हगांझाचे दोन नर्तक होते, आणि जगाला वोगिंग कळलं. त्याच वर्षांत हार्लेममध्ये मात्र एकामागून एक अंत्ययात्रा निघत होत्या. एड्स. त्याच हाऊसची मदर अँजी १९९३ साली गेली, अठ्ठावीस वर्षांची. मी आज तिच्याहून मोठा आहे. विली २००६मध्ये गेला. एक अख्खी पिढी मधून गेली आणि शिकवणारेच उरले नाहीत, म्हणून कित्येक पोरं जुन्या व्हिडिओ टेपा बघत शिकली. जे वाचले ते आज परीक्षकांच्या टेबलावर असतात. त्यांची नावं पुकारली की सगळा हॉल उभा राहतो. मीही उभा राहतो.

२०१८मध्ये यावर मालिका आली, मोठे कलाकार आपल्या कार्यक्रमांत वोगिंग घेऊ लागले. म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. २०२३च्या जुलैत ब्रुकलिनच्या एका पेट्रोल पंपावर मित्रांबरोबर नाचत असलेल्या ओशे सिब्ली या गे नर्तकाला भोसकून मारलं. तोही अठ्ठावीसचाच. नंतर लोक त्याच पंपावर जमले आणि तिथेच वोग केलं. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, आणि मला काही लपवून ठेवायचं नाही.

मी माझं सांगितलं त्या दिवशी आई, तू रडलीस. बाबा, तुम्ही कितीतरी दिवस बोलला नाहीत. पण माझी खोली माझीच राहिली, आणि निघताना लाडवांचा डबा बॅगेत होता. हाऊसमधल्या मुलांना हे मी सांगितलं की ती परत परत विचारतात, "खरंच? आईने?"

तुम्ही उन्हाळ्यात येताय, तेव्हा एका बॉलला चला. बाबा, दुपारी झोप काढावी लागेल, आणि आवाज फार असतो, कानात घालायला कापूस मी ठेवेन. आई, गुडघे दुखले तर बसायला खुर्ची मिळेल, मी आधीच सांगून ठेवलंय. तिथल्या पोरांना तुम्हाला भेटायचंय.

तुमचा,
निखिल